मुक्तिनाथ यात्रा : पोखरा–जोमसोम विमानाने जावं का? (तिथल्या अपघातांबद्दल बोलायचं आहे)

मृण्मयी

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहिते आहे, सांभाळून घ्या.

येत्या एप्रिलमध्ये माझी आई आणि तिच्या भिशीतल्या सात मैत्रिणी नेपाळमधल्या मुक्तिनाथला चालल्या आहेत. सगळ्या साठी ओलांडलेल्या. टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम आईने काल मला व्हॉट्सॲपवर पाठवला. चौथा दिवस : पोखरा ते जोमसोम विमानाने, पुढे जीपने मुक्तिनाथ. पाचवा दिवस : सकाळच्या विमानाने परत आणि लगेच काठमांडू. सहावा दिवस : मुंबई. मध्ये एक दिवससुद्धा मोकळा नाही. आई खूश आहे, वीस मिनिटांत हिमालय बघत पोचणार म्हणून. मी मात्र तो कागद पाहिल्यापासून अस्वस्थ आहे.

२९ मे २०२२ ला याच मार्गावर तारा एअरचं ट्विन ऑटर विमान पडलं. सकाळी ९ वाजून ५५ मिनिटांनी ते पोखऱ्याहून उडालं आणि बाराएक मिनिटांत संपर्क तुटला. आत २२ माणसं होती, १९ प्रवासी आणि ३ कर्मचारी. सोळा नेपाळी, दोन जर्मन, चार भारतीय. ते चौघे आपल्या महाराष्ट्रातले. अवशेष दुसऱ्या दिवशी सकाळी मुस्तांग जिल्ह्यात सानोस्वारे इथल्या उतारावर सापडले, साधारण १४,५०० फुटांवर. कोणीही वाचलं नाही.

ही बातमी आली तेव्हा मला दुसरीच एक सकाळ आठवली. २०१८ च्या ऑक्टोबरात मी आणि बाबा पोखऱ्याच्या विमानतळावर पहाटे साडेपाचपासून बसून होतो. समोर माछापुच्छ्रे लख्ख दिसत होता. आठच्या सुमारास दुसऱ्या एका कंपनीचं विमान गेलं. आमचं काही निघेना. नऊ झाले, साडेनऊ झाले. बाबा काउंटरवर गेले आणि तिथल्या मुलावर चिडले. "अहो, आकाश स्वच्छ आहे, त्यांचं विमान गेलं, मग तुमचं का नाही?" मीही बाबांचीच री ओढली. तो मुलगा हात जोडून एवढंच म्हणाला, "घोडेपानीमाथि बादल छ, हजुर." घोडेपानीवर ढग आहेत. दहा वाजता उड्डाण रद्द झालं. आमचं पुढचं आरक्षण काठमांडूहून होतं, त्यामुळे मुक्तिनाथ न करताच परतलो. घरी येईपर्यंत बाबा त्या मुलाबद्दल बोलत होते.

बाबा आता नाहीत. आई त्यांच्या वाटचं दर्शन घ्यायला चालली आहे, त्यामुळे "जाऊ नकोस" असं मी म्हणणार नाही. पण विमानाने जाऊ द्यावं का? आणि असे अपघात तिथेच इतके का होतात, हे कोणी नीट समजावून सांगेल का?


सह्यवेडा

मृण्मयी, मी अन्नपूर्णा परिक्रमा केली आहे, त्या अनुभवावर स्पष्ट सांगतो. आईला विमानात बसवू नका.

२०२२ ला पडलेलं विमान १९७९ साली पहिल्यांदा उडालेलं होतं. म्हणजे त्रेचाळीस वर्षं जुनं! आपल्याकडे इतकी जुनी एसटी कोणी रस्त्यावर आणणार नाही आणि तिथे हिमालयात प्रवासी घेऊन विमान उडवतात. शिवाय डिसेंबर २०१३ पासून युरोपीय संघाने नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना काळ्या यादीत टाकलेलं आहे. याहून वेगळा पुरावा काय हवा?


हेमंत काका

मी हवाई दलात तीस वर्षं विमानांच्या देखभालीचं काम केलं. त्यातली बरीच ईशान्येत, एएन-३२ या मालवाहू विमानांवर. सह्यवेडा, तुमची काळजी बरोबर आहे, पण कारण चुकतंय, आणि कारण चुकलं की उपायही चुकतो. म्हणून सविस्तर लिहितो.

विमान जुनं म्हणजे धोकादायक, असं सरसकट नसतं. ठरावीक तासांनंतर इंजिन उतरवून पूर्ण उघडतात, भाग बदलतात, सांगाड्याला भेगा आहेत का ते तपासतात. ट्विन ऑटर हे तर अशाच ठिकाणांसाठी बनवलेलं कॅनडाचं विमान. १९६५ ला पहिलं उडालं, एकोणीस प्रवासी, दोन टर्बोप्रॉप इंजिनं. आखूड धावपट्टीवरून उडतं आणि उतरतं. जगात अजून शेकड्यांनी चालू आहेत.

आता हे बघा. २४ फेब्रुवारी २०१६. तोच मार्ग, तीच कंपनी, तेच ट्विन ऑटर. फक्त हे विमान नवं कोरं होतं, कारखान्यातून येऊन काही महिनेच झाले होते, नव्या ४०० मालिकेतलं. म्याग्दी जिल्ह्यात दानाजवळ डोंगराला धडकलं. २३ माणसं गेली. म्हणजे सहा वर्षांच्या अंतराने एक नवं आणि एक जुनं विमान त्याच दरीच्या परिसरात, त्याच पद्धतीने गेलं. दोन्हींची इंजिनं चालू होती आणि दोन्ही विमानं वैमानिकाच्या ताब्यात होती. डोंगर समोर आहे हे फक्त त्यांना दिसलं नाही.

याला विमानांच्या भाषेत "सी-फिट" म्हणतात. सुस्थितीतलं, ताब्यातलं विमान जमिनीवर जाऊन आदळणं. २०१६ च्या चौकशी अहवालात स्पष्ट लिहिलं आहे की हवामान प्रतिकूल असूनही, डोळ्यांनी बघून करायच्या उड्डाणात, वैमानिकांनी पुन्हा पुन्हा ढगात शिरण्याचा निर्णय घेतला आणि त्यांना दिशेचं भान उरलं नाही. २०२२ च्या अहवालातही जवळपास तेच आहे. ढगात शिरल्यावर मार्गावर लक्ष राहिलं नाही, मार्ग सुटला, आणि भूभागाचा इशारा देणारी यंत्रणा दाबून ठेवलेली होती.


गंधाली

काका, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. इशारा देणारी यंत्रणा "दाबून" ठेवलेली म्हणजे? मुद्दाम बंद केलेली?


हेमंत काका

गंधालीताई, हो. पण वाटतो तसा तो वेडेपणा नाही, म्हणून समजून घ्यायला हवं.

त्या यंत्रणेला टॉज म्हणतात. तिच्या पोटात सगळ्या डोंगरांच्या उंचीचा नकाशा असतो. विमान कुठे आहे आणि कुठे चाललंय हे तिला कळतं. समोर किंवा खाली जमीन फार जवळ आली की ती आधी "टेरेन, टेरेन" आणि मग "पुल अप" असं ओरडते. सपाट प्रदेशात या एका यंत्राने किती जीव वाचवले असतील याची गणती नाही.

आता काली गंडकीची दरी डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला धवलगिरी, ८,१६७ मीटर. दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर. मधल्या घळीतून विमान जातं. तिथे स्वच्छ उन्हात, अगदी बरोबर मार्गावर असलात तरी यंत्र बोंबलतच राहणार, कारण त्याच्या हिशोबाने दोन्हीकडून जमीन अंगावर येते आहे. अरुंद गल्लीत गाडी घालताना पार्किंगचा सेन्सर कोकलत राहतो आणि आपण वैतागून बटण दाबतो ना, तसं. त्यासाठी कॉकपिटमध्ये बटण असतं, आणि डोळ्यांना सगळं दिसत असेल तोवर ते दाबण्यात फारसं वावगं नाही.

घात होतो तो पुढे. ढग येतो, डोळे निकामी होतात, आणि ज्या एका यंत्राला अजून डोंगर "दिसतो" आहे त्याचं तोंड आपणच मघाशी बंद केलेलं असतं. रोजच्या सवयीने दाबलेलं बटण त्या अर्ध्या मिनिटात आठवणीने सोडायचं, तेही दिशा शोधताना, उंची सांभाळताना, रेडिओवर बोलताना. ताशी अडीचशे किलोमीटर धरले तर विमान सेकंदाला सत्तर मीटर कापतं. यावर माझ्याकडे सोपं उत्तर नाही. बटण दाबायलाच बंदी घातली तर वैमानिक त्या ओरड्याकडे दुर्लक्ष करायला शिकतील, आणि तेही तितकंच वाईट.


ओवी_नाशिक

माळशेजला धुक्यात सापडलं की आपण इंडिकेटर लावून गाडी कडेला घेतो आणि थांबतो. विमानाला थांबता येत नाही हे कळतं, पण मागे तरी वळता येत नाही का? ढग दिसला की वळावं आणि पोखऱ्याला परत यावं.


हेमंत काका

ओवी, नेमका प्रश्न. वळता येतं, पण वेळेत वळलं तर. थोडा हिशोब मांडतो, कंटाळू नका.

समजा वेगदर्शक १२० नॉट (ताशी साधारण २२० किलोमीटर) दाखवतोय आणि वैमानिक विमान तीस अंश कलवून वळवतोय. समुद्रसपाटीला पूर्ण मागे फिरायला साधारण १.३५ किलोमीटर रुंदी लागेल. तेच १२,००० फुटांवर, काट्यावर तेच १२० नॉट असताना, हवा विरळ असल्यामुळे विमानाचा खरा वेग १४४ नॉटच्या घरात जातो आणि वळायला लागणारी रुंदी होते १.९ किलोमीटर. काटा तोच आणि हातातली जाणीवही तीच, पण वळण मात्र जवळपास दीडपट मोठं. त्यात विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, चढण्याचा वेग कमी होतो. दरीचं तोंड रुंद, पुढे ती अरुंद होत जाते आणि तळ वर येत जातो. म्हणून डोंगरी उड्डाण शिकवताना पहिला धडा असतो : दरीच्या मधोमध उडू नका, एका कडेला चिकटून उडा, म्हणजे वळायला अख्खी दरी मिळेल. आणि वळायचं ठरवायचं ते ढगात शिरायच्या आधी. शिरल्यावर वळणं म्हणजे डोळे बांधून गच्चीच्या कठड्यावर वळण्यासारखं आहे.

नेपाळचे वैमानिकच म्हणतात, आमच्याकडच्या ढगांत दगड असतात.


काठमांडूकर_मराठी

मी सहा वर्षांपासून काठमांडूत नोकरीनिमित्त राहतो. जोमसोमला विमानाने दोनदा गेलोय आणि रस्त्याने चारदा, म्हणून लिहितो.

मृण्मयीताई, त्या काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला अगदी खरं कारण सांगितलं होतं. पोखरा साधारण आठशे मीटरवर, जोमसोम सत्तावीसशेवर, आणि मध्ये घोडेपानीची खिंड, २,८०० मीटरच्याही वर. पोखऱ्याला ऊन असतं, जोमसोमला ऊन असतं आणि मध्ये घोडेपानीवर ढगांची गादी पसरलेली असते. विमानतळावर बसलेल्या प्रवाशाला ती दिसत नाही. त्याला दिसतं ते फक्त समोरचं शिखर.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. काली गंडकीच्या दरीत उन्हं चढली की दक्षिणेकडून वारा सुटतो. वर तिबेटचं पठार तापतं आणि दरी धुराड्यासारखी हवा वर ओढते. अकरानंतर जोमसोमच्या रस्त्यावर उभं राहून बघा, वाळूचे कण गालाला टोचतात, टोपी हातात धरावी लागते. म्हणून तिथली उड्डाणं सकाळीच आटपतात. आता गणित लक्षात घ्या : सकाळी ढग हटायची वाट बघायची आणि वारा सुटायच्या आत उतरायचं. मधली फट कधी तीन तासांची, कधी अर्ध्या तासाची. त्या फटीत तीन-चार फेऱ्या बसवायच्या असतात आणि लाउंजमध्ये पहाटेपासून बसलेले प्रवासी काउंटरवर येऊन विचारत असतात की त्यांचं गेलं, आमचं का नाही.

मी कुणाला दोष देत नाही, मीही एकदा विचारलंय.

२०२२ च्या अपघातानंतर तिथल्या नागरी उड्डाण प्राधिकरणाने नियम कडक केला. आधी निघण्याच्या आणि पोचण्याच्या ठिकाणचं हवामान बरं असलं की परवानगी मिळायची. नंतर सबंध मार्गावरचं हवामान अनुकूल असल्याशिवाय उडायचं नाही असं ठरलं. हे आधीच व्हायला हवं होतं. शिवाय तिथे एकच संस्था विमानतळ चालवते आणि सुरक्षेवर देखरेखही तीच करते. या दोन कामांची फाळणी करा, अशी मागणी कितीतरी वर्षं चालली आहे. युरोपच्या यादीचा उल्लेख वर आला, त्यामागेही हा मुद्दा आहेच.


सह्यवेडा

हेमंत काका, २०१६ चं विमान नवं होतं हे मला खरंच माहीत नव्हतं. माझा मुद्दा मागे घेतो. जुन्या विमानाचा राग धरून बसलो होतो.


जुन्नरकर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. डोंगर आणि विमान म्हटलं की आमच्याकडे अजून एक जुनी गोष्ट निघते. ७ जुलै १९६२, मध्यरात्र उलटलेली. अलिटालियाचं डीसी-८, सिडनीहून रोमला जाणारं, बँकॉकहून मुंबईला उतरायला येत होतं. जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. ९४ जण होते, एकही वाचला नाही. ते लहान विमान नव्हतं, मोठं जेट होतं, पण कारण काकांनी सांगितलं तेच. आपण मुंबईच्या आहोत त्यापेक्षा जवळ आलो असं वैमानिकाला वाटलं आणि त्याने अंधारात लवकर खाली यायला सुरुवात केली. खाली सह्याद्री होता.

त्याआधी १२ जुलै १९४९ ला मुंबईत घाटकोपरच्या टेकडीवर डच कंपनीचं विमान पडलं होतं, ४५ माणसं गेली, त्यात अमेरिकेचे तेरा पत्रकार होते. तेही ऐन पावसाळ्यात. हिमालयच कशाला, आमचा साडेतीन हजार फुटांचा डोंगरसुद्धा पुरतो.

आमचे आजोबा त्या १९६२ च्या सकाळी चिखल तुडवत वर गेलेल्या गावकऱ्यांत होते. त्यांनी काय पाहिलं ते आम्हाला कधीच सांगितलं नाही. फक्त घरात कुणी विमानाने निघालं की ते दिवसभर जेवत नसत, पोचल्याचा निरोप येईपर्यंत. माझी आत्या १९८४ ला दुबईला गेली तेव्हा फोन यायला दोन दिवस लागले. दोन दिवस नुसत्या चहावर होते.


गंधाली

जुन्नरकर, हे इथे लिहिलंत त्याबद्दल आभार. घाटकोपरला माझं माहेर आहे आणि मला याचा पत्ता नव्हता.


आदित्य_ट्रेक

एक विचारायचं आहे. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, वर उपग्रह आहेत. तरी २०२२ चं विमान सापडायला जवळपास एक दिवस का लागला? आपल्याकडेही ३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं एएन-३२ आठ दिवसांनी सापडलं होतं. १३ जण होते त्यात.


हेमंत काका

आदित्य, ते २०१९ चं नाव काढलंस आणि गलबललं. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण त्या ताफ्याची विमानं हाताखालून गेलेली. ११ जूनला हेलिकॉप्टरमधून अवशेष दिसले, लिपोच्या उत्तरेला, १२,००० फुटांच्या आसपास. दिसले तरी तिथे माणूस पोचणं वेगळंच. अरुणाचलातलं ते रान असं आहे की वरून बघितलं तर हिरवी गोधडी आणि आत शिरलं तर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. गिर्यारोहक खाली उतरवून, पायी चढून, मृतदेह खाली आणायला २० जून उजाडला.

नेपाळमध्ये जंगल नव्हतं, पण ढग होते आणि बर्फ पडायला लागलं. त्या दिवशी हेलिकॉप्टरं गेली आणि परत आली. शोधाला दिशा मिळाली ती वैमानिकाच्या मोबाइलवरून. नेपाळ टेलिकॉमने त्या फोनचा ठावठिकाणा काढला आणि लष्कराचं हेलिकॉप्टर त्या बाजूला नदीकाठी उतरलं. तिथून माणसं पायी वर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अवशेष दिसले. बावीसच्या बावीस मृतदेह आणि ब्लॅक बॉक्स ३१ मेपर्यंत खाली आणले. साडेचौदा हजार फुटांवर चालताना चार पावलांवर धाप लागते, तिथे ओझी उचलून उतरायचं. त्या कामातल्या माणसांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही.


आभा

एक विनंती. वर ज्या चौघांचा उल्लेख आला, त्यांच्या घरच्यांबद्दल इथे कोणी काही लिहू नये, बातम्यांचे दुवेही देऊ नयेत. त्यांचे नातलग, शेजारी, मित्र आपल्यातच असू शकतात. माझा मामेभाऊ एका अपघातात गेला (विमानाचा नव्हे) तेव्हा अनोळखी लोकांनी नेटवर लिहिलेलं वाचून मामीने अन्न सोडलं होतं. मृण्मयीने फार संयमाने लिहिलं आहे, तेवढंच राहू द्या.


मृण्मयी

आभा, पूर्ण सहमत.

काका, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, "मग त्या पोराचं बरोबर होतं म्हणायचं?" मी हो म्हणाले. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ह्यांना सांगायला हवं होतं."

मला रडू आलं. त्या मुलाच्या वरच्या माणसाने त्या दिवशी आमचा तगादा ऐकला नाही म्हणून आम्ही घरी आलो, असंही असू शकतं. आम्हाला तेव्हा तो फक्त कामचुकार वाटला होता.

काठमांडूकर, रस्त्याबद्दल सांगाल का? साठीच्या बायकांना झेपेल का?


काठमांडूकर_मराठी

ताई, झेपेल, पण एका दिवसात नको. पोखरा, बेनी, तातोपानी, घासा, मार्फा, जोमसोम असा रस्ता आहे. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण आठ ते दहा तास धरा. बेनीच्या पुढे खाचखळगे सुरू होतात, काही ठिकाणी डावीकडे कडा आणि उजवीकडे नदी. रस्ता बिनधोक आहे असंही मी म्हणणार नाही. पावसाळ्यात दरडी कोसळतात, तेव्हा अजिबात जाऊ नये. एप्रिलमध्ये ठीक आहे. रात्रीचा प्रवास मात्र टाळा, ड्रायव्हर कितीही म्हणाला "हुन्छ, हुन्छ" तरी.

तातोपानीला पहिला मुक्काम करा, गरम पाण्याचं कुंड आहे, गुडघ्यांना बरं वाटेल. दुसरा मुक्काम मार्फा किंवा जोमसोमला. आणि हे महत्त्वाचं : मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. आठशे मीटरवरून विमानाने आणि जीपने त्याच दिवशी तिथे जाऊन एकशे आठ धारांखाली गार पाण्याने अंघोळ केली की डोकं दुखणं, उलट्या, धाप हे व्हायचंच. आपले यात्रेकरू तिथे त्यानेच जास्त आजारी पडतात. रस्त्याने टप्प्याटप्प्याने चढलात तर शरीर सवय करून घेतं. म्हणजे विमान सुरक्षित असतं तरी जाताना मी रस्ताच सांगितला असता.

येताना हवं तर विमानाचं तिकीट ठेवा, पण मागे दोन दिवस मोकळे हवेतच. रद्द झालं तर जीप. मुंबईचं विमान त्यानंतरचं.


ओवी_नाशिक

त्या आठ जणींच्या टूरवाल्याला सगळ्यांनी मिळून सांगायला हवं. हा असा सहा दिवसांचा कार्यक्रम बनवतानाच तो वैमानिकाच्या डोक्यावर ओझं ठेवतो. उद्याचं मुंबईचं विमान चुकणार म्हणून आज जोमसोमहून निघायलाच हवं, मग काउंटरवर भांडण.


हेमंत काका

ओवी, तू पोरी, तपास अहवालात न येणारी गोष्ट बोललीस. अहवाल कॉकपिटमधल्या माणसांपाशी थांबतात, कारण ध्वनिमुद्रण तिथलंच असतं. पण तो वैमानिक सकाळी सहापासून काय काय ऐकत होता ते त्या डब्यात नसतं.

१४ मे २०१२ चाही एक अपघात आहे त्याच धावपट्टीचा. अग्नी एअरचं डॉर्निअर, जोमसोमला उतरताना माघार घेतली, वळताना डोंगराला लागलं. २१ पैकी १५ गेले, सहा वाचले. प्रवाशांत सोळा भारतीय होते, मुक्तिनाथला निघालेले. ही सगळी आपल्यासारखीच दर्शनाला निघालेली घरातली माणसं होती.

मृण्मयी, आईला माझा नमस्कार सांग. आणि पूजेच्या पिशवीत एक पल्स ऑक्सिमीटर टाकायला सांग.


मृण्मयी (एप्रिल अखेर)

धागा वर काढते आहे, कळवायचं राहून जाऊ नये म्हणून.

टूरवाला आधी तयार नव्हता, "सगळे असेच जातात" म्हणाला. आठही जणींनी एकत्र जाऊन सांगितलं की नाहीतर पैसे परत द्या, तेव्हा कार्यक्रम दहा दिवसांचा झाला. जाताना रस्त्याने गेल्या. तातोपानीच्या कुंडात पाय सोडून बसलेल्या आठ जणींचा फोटो आलाय, काठमांडूकर, तो तुमच्यासाठी. मुक्तिनाथला आईच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८६, मग काठमांडूकरांच्या सांगण्याची आठवण ठेवून तिने धारांखाली डोकं घातलं नाही, ओंजळीने पाणी घेतलं. बाबांच्या नावाने एक ओंजळ वेगळी.

परतीचं विमान जोमसोमहून होतं. पहिल्या दिवशी रद्द, दुसऱ्या दिवशीही रद्द. दुसऱ्या दिवशी समोरून एक विमान निघून गेलेलं त्यांनी बघितलं. भिशीतल्या एक काकू उठून काउंटरकडे निघाल्या होत्या. आईने हाताला धरून बसवलं.

मला तिचा आवाजी निरोप आला तो दहा वाजून पाच मिनिटांनी. मागे वाऱ्याचा आवाज आहे, नीट ऐकू येत नाही. "घोडेपानीवर ढग आहेत गं. जीप सांगितली आहे. डाळभात खाऊन निघतो."